मिऱ्याएवढं टिंब

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कुणी "टिंबकाकू!" अशी हाक मारली, की रंगखात्यातल्या काट्याजवळून माझ्या सासूबाई मान वर करतात आणि विचारतात, "काय रे, कुणाचं काय बुडालं?" हे नाव त्यांना चिडवायला म्हणून पडलं होतं. आता त्याला मान आहे. तो त्यांनी कसा कमावला हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण मी शेजारच्या शिवणखात्यात टॉवेलच्या कडा शिवते आणि घरी रोज त्यांच्याच समोर जेवायला बसते.

बावीस वर्षं त्यांनी दोन पारड्यांच्या तराजूवर रंग तोलले. रंगमास्तर तोंडी सांगायचे, "लाल अर्धा किलो, निळा अर्धा पाव," आणि सासूबाईंच्या हातून चिमूटभरही इकडचं तिकडे व्हायचं नाही. मग एके दिवशी तराजू गेला आणि आकडे दाखवणारा इलेक्ट्रिक काटा आला. मास्तरांच्या तोंडाऐवजी वरच्या प्रयोगशाळेतून छापील कार्ड यायला लागलं. सासूबाईंची शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळे दशांश चिन्हाशी त्यांची कधी गाठच पडली नव्हती. पण "मला येत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकले नव्हते.

तिसऱ्याच दिवशी घोळ झाला. कार्डावर होतं लाल ०.५, निळा ०.१२५. नवा काटा टिंबानंतर तीन आकडे दाखवतो. लाल टाकताना त्यावर ०.००५ दिसलं आणि पाच आला म्हणून सासूबाई थांबल्या. शून्याला कसली आली किंमत! एवढासा लाल बघून मनात पाल चुकचुकली होती, पण नव्या काट्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल म्हणून त्या गप्प बसल्या. जांभळे व्हायचे ते चाळीस टॉवेल निळेशार होऊन बाहेर आले.

मास्तर माणूस चांगला, पण त्यांनाही वर जाब द्यावा लागतो. ते म्हणाले, "काकू, पंधरा दिवस देतो. कार्ड वाचून, वजन वहीत लिहून दाखवा. नाहीतर काटा दुसऱ्याला द्यावा लागेल आणि तुम्हाला गठ्ठे बांधायला जावं लागेल."

घरी दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "बघ गं जरा. या चष्म्यातून नीट दिसत नाही."

चष्मा ठणठणीत होता. मी कार्ड हातात घेतलं.

"आई, टिंबानंतर पाच असेल तर मोठं की एकशेपंचवीस?"

"एकशेपंचवीस. एवढं कळतं मला. वेडी नाही मी."

मी कापडाची बरोबर एक मीटर लांब पट्टी कापून आणली होती; अख्खी पट्टी म्हणजे एक किलो, असं त्यांना सांगितलं. तिच्यावर निळ्या दोऱ्याने दहा सारखे भाग पाडले आणि प्रत्येक भागात लाल दोऱ्याने आणखी दहा. पहिल्या निळ्या दोऱ्यापुढे दोन लाल आणि वर अर्धं, तिथे त्यांचं बोट ठेवलं. "हे पॉइंट एक दोन पाच." मग पट्टीच्या मध्यावर नेलं. "आणि हे पॉइंट पाच."

त्यांनी पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली. एकदा दुमडली, पुन्हा दुमडली, तिसऱ्यांदा दुमडली. पहिली घडी बरोबर एक दोन पाचवर पडली.

"अगं, हा तर आपला अर्धा पाव!" त्या ओरडल्याच. "मग एवढी सोंगं कशाला?" आणि जरा वेळाने म्हणाल्या, "म्हणजे टिंबाच्या दारातून आधी कोण शिरलं ते बघायचं. मागून किती पोरं आली ते नाही. आणि दारातच शून्य उभं राहिलं, की मागच्याची किंमत उतरली."

मी दहावीपर्यंत शिकले, पण मला हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

मग घरातला एक कागद कोरा राहिला नाही. पेन गोल गोल फिरवून त्या टिंब काढायच्या, चांगलं मिऱ्याएवढं. मी हसले, तर म्हणाल्या, "ज्याच्यापायी चाळीस टॉवेल बुडाले, ते दारातून दिसलं पाहिजे." जेवणाच्या सुट्टीतही त्यांचं तेच चालायचं, म्हणून सगळे टिंबकाकू म्हणायला लागले.

पंधराव्या दिवशी मी मशीन सोडून रंगखात्याच्या दारात जाऊन उभी राहिले. कार्ड फिकट पिवळ्याचं होतं. "पिवळा शून्य पॉइंट चार," त्यांनी मोठ्याने वाचलं. "लाल शून्य पॉइंट शून्य पाच. काळा..." आणि थांबल्या. गेलं, मला वाटलं.

"मास्तर, इथे टिंबच नाही. नुसतं शून्य एक पाच छापलंय."

"पॉइंट एक पाच असणार. घ्या."

"एवढा काळा? फिकट पिवळ्याचा चिखल होईल. मी नाही घालणार."

आणि कार्ड घेऊन त्या वर गेल्या. बावीस वर्षांत प्रयोगशाळेचा जिना त्या पहिल्यांदा चढत होत्या. तिथल्या साहेबांनी आपली वही काढून पाहिली तर आकडा होता ०.०१५. छापताना एक शून्य आणि टिंब दोन्ही गळालं होतं. साहेबांनी पेनाने दुरुस्ती केली. सासूबाईंनी तेच पेन मागून घेतलं आणि साहेबांनी काढलेलं टिंब मिऱ्याएवढं करून त्या खाली आल्या.

तिन्ही रंग तोलले. वहीत लिहिलं: ०.४००, ०.०५०, ०.०१५. मास्तरांनी वही दोनदा वाचली, खाली सही केली आणि विचारलं, "काकू, शिकवलं कुणी?"

घरी पंधरा दिवसांत ज्यांनी "शिकव" हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता, त्या सासूबाई यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून, अख्ख्या खात्याला ऐकू जाईल असं बोलल्या, "माझ्या सुनेने! मला येत नव्हतं, तिनं शिकवलं. ती बघा, हातचं काम टाकून दारात उभी आहे. रागवा तिला!"