खिडकीतली तश्तरी

"हमसे पूछ रही हो कितना देंगे? पहले तुम बताओ, बाप के स्टूल का कितना दोगी?"

बाबांचे साहेब असं म्हणाले आणि हसले. त्यांच्यासोबतचे तिघेही हसले. रविवारची सकाळ होती, गोल्फ क्लबाच्या खिडकीपुढे रांग होती आणि खिडकीच्या आत मी होते. मीसुद्धा हसले. ते हसणं आठवलं की अजून अंगाची आग होते.

प्रश्न माझा नव्हता. क्लबाला राउंडचे दर वाढवायचे होते. राउंड म्हणजे अठरा खड्ड्यांचा एक पूर्ण खेळ, सकाळी सुरू केला की ऊन चढेपर्यंत चालणारा. मॅनेजरनं मला सांगितलं, खिडकीवर येईल त्याला अदबीनं विचारायचं, साहेब, एका राउंडचे तुम्ही जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहात? संध्याकाळी मला सांगायचं. मी विचारत होते. आमच्या महिन्याच्या घरभाड्याएवढी पैज एका खड्ड्यावर लावणारा माणूस, राउंडचे थोडे पैसे वाढतील म्हटल्यावर चिडायचा. "जनता की जेब काट रहे हो!" म्हणायचा. जनता म्हणजे तो. दुसरा म्हणायचा, पैसे हवे तेवढे घ्या, पण इथे ऐरेगैरे येता कामा नयेत. असं म्हणणारे बरेच निघाले. गवतासाठी, तळ्यासाठी कुणी जास्त द्यायला तयार नव्हतं. दुसरं कुणी इथे नसावं, यासाठी मात्र देत होते.

आणि साहेबांनी मला उलट विचारलं, बापाच्या स्टुलाचे तू किती देशील.

स्टूल खरं होतं. बाबांना खुर्ची नव्हती. लखनौच्या हजरतगंज भागातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात ते शिपाई होते आणि साहेबांच्या दाराबाहेरचं स्टूल ही त्यांची जागा. आम्ही अमरावतीकडचे, बौद्ध. बाबांची बदली लखनौला झाली तेव्हा मी आईच्या पोटात होते. घरात आईशी मराठीत भांडायचं, बाहेर हिंदीत जगायचं, असं माझं आयुष्य गेलं. दर शुक्रवारी साहेबांचे गोल्फचे बूट कार्यालयात यायचे. तळव्याला रबरी खिळे असलेले. त्यांत अडकलेली माती आणि गवत बाबा काडीनं कोरून काढायचे, मग पॉलिश करायचे. घरी आले की त्यांच्या हातांना ओल्या गवताचा वास यायचा. लहानपणी मला तो आवडायचा. वाटायचं, बाबा बागेत काम करतात.

बाबा नोकरीत असतानाच गेले. त्याच स्टुलावर छातीत कळ आली. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, आम्ही मायलेकी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एका खोलीत भाड्यानं आलो. मी बी. कॉम. झालेली. अनुकंपा तत्त्वावर बाबांच्या जागी मला घ्यावं, असा अर्ज केला. तो पुढे सरकवणं साहेबांच्या हाती होतं. अर्जाचं काय झालं विचारायला गेलो की साहेब आईला म्हणायचे, "फाइल चल रही है।" एकदा म्हणाले, "जब तक चल रही है, लड़की को क्लब में लगवा देते हैं।" शहराबाहेर नवा गोल्फ क्लब झाला होता, त्याच्या समितीवर ते होते. तिथल्या खिडकीवर मला कंत्राटी नोकरी मिळाली. आईनं तर त्यांना मनोमन देवच करून टाकलं. देव न मानणाऱ्या घरात.

"साहेबाले हात जोडत जाय," आई सांगायची. "ते काही म्हणले तरी हासून घे. तोंड नोको चालवू. तुह्या बापाची जागा त्यायच्या हातात हाय."

म्हणून मी हसत होते. सगळ्यांकडे बघून, दर रविवारी.

आता तश्तरीबद्दल सांगते. लखनौत ताटलीला तश्तरी म्हणतात. खिडकीवरचं काम साधं होतं. पैसे फोनवरून येत. पण प्रत्येकाला आपलं सभासद-कार्ड आत द्यावं लागे, मी ते यंत्रावर टेकवून परत देई, सोबत त्या दिवसाची चिठ्ठी देई. ती बॅगेला बांधल्याशिवाय पहिल्या खड्ड्यावरचा माणूस कुणाला खेळायला सोडत नसे. सुरुवातीला कार्ड हातोहात यायचं, हातोहात जायचं. माझ्या छातीवरच्या पट्टीवर तेव्हा नुसतं पहिलं नाव होतं. मग नव्या पट्ट्या आल्या, आडनावासकट. एका गृहस्थांनी ती वाचली. "महाराष्ट्र से? अच्छा। ये लोग वहाँ क्या होते हैं?" मी म्हटलं, "बौद्ध।" ते म्हणाले, "अच्छा, अच्छा।"

पुढच्या आठवड्यात खिडकीत तश्तरी आली. पितळेची, काठाला नक्षी. साहेबांनीच चौकातून, म्हणजे जुन्या लखनौच्या बाजारातून, आणली होती. म्हणाले, "कार्ड इसमें लेना, इसी में देना। लखनऊ की तहज़ीब है।"

आणि मी विश्वास ठेवला. या शहरात जन्मलेल्या मुलीला तहज़ीब, म्हणजे इथली अदब, म्हटलं की काहीही पटतं. इथे पानसुद्धा तश्तरीत पुढे करतात, शिवीसुद्धा 'आप' म्हणून देतात. मला ती तश्तरी मानाची वाटली. रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी मी ती चिंचेनं घासायची, लखलखीत करायची. तिचा फोटो काढून आईला दाखवला. आई म्हणाली, "राजेशाही हाय व माय तुह्या क्लबात."

त्या रविवारी, स्टुलाचा भाव विचारून चौघं खेळायला गेल्यावर, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावर हिशेबाचं काम करणारे तिवारीजी चांगला माणूस. म्हणाले, "बिटिया, जाओ, मुँह धो आओ। मैं देखता हूँ।" मी आतल्या नळावर गेले. परत येताना दारातच थबकले. पुढचे चौघं खिडकीवर आले होते. त्यांतल्या पहिल्यानं हात आत घालून तश्तरी बाजूला सारली आणि कार्ड तिवारीजींच्या हातात ठेवलं. तिवारीजींनी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. मग दुसऱ्यानं. तिसऱ्यानं तर त्यांचा हात धरून मुलीच्या लग्नाची चौकशी केली. तश्तरी कोपऱ्यात तशीच पडली होती, मी सकाळी घासलेली.

मी येऊन खुर्चीवर बसले. रांगेतल्या पुढच्या माणसानं तश्तरी ओढून जागेवर ठेवली आणि तिच्यात कार्ड टाकलं.

तो आवाज मी आधी शेकडो वेळा ऐकला असेल. त्या दिवशी तो पहिल्यांदा मला लागला. दिवसभर खिडकीत बसून मी तो ऐकत राहिले. उठून जावं असं वाटत होतं. जाणार कुठे? घरभाडं होतं, आई होती, अर्ज होता. ज्यांनी तश्तरी आणली त्यांच्याच कपाटात अर्ज होता. इतकं हतबल मला बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

घरी आईला सांगितलं. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. म्हणाली, "घेत जाय ना तश्तरीत. हात झिजतात काय? तुह्या बापानं तं बूट पुसले."

"आई, साहेबांनी बाबांना कधी काही हातात दिलं?"

आई आठवू लागली. "पगार तं बँकेत येये. दिवाईचा डबा टेबलावर ठेवत. बूट खाली ठेवत, फरशीवर."

"हातात?"

तिनं तव्याकडे बघत मान हलवली. नाही. एवढ्या वर्षांत नाही. तव्यावरची भाकरी करपली.

पुढच्या रविवारी मी तश्तरी घासली नाही. खिडकीतून उचलली आणि टेबलाच्या खणात ठेवली. काय करणार, हे मलाही नीट माहीत नव्हतं.

साहेब आले. सोबत दिल्लीहून आलेले कुणी मोठे अधिकारी होते, त्यांच्यापुढे साहेब वाकून चालत होते. खिडकीशी येऊन त्यांनी कार्ड काढलं आणि हात हवेतच थांबला.

"तश्तरी कहाँ है?"

"हटा दी, साहब।" मी खिडकीतून हात बाहेर काढला. "हाथ में दीजिए।"

त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मी पुन्हा म्हटलं. हात तसाच ठेवला. उघडा, उताणा. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. बाबांचा हात असाच होता, जरा रुंद, बोटं आखूड. त्यांनी तो कधी पाहिला असेल का, कोण जाणे.

मागे रांग वाढत होती. गोल्फमध्ये प्रत्येकाची सुरुवातीची वेळ ठरलेली असते. चुकली की मागच्यांना पुढे सोडतात. मागून कुणीतरी ओरडलं, "दे भी दीजिए साहब, टाइम निकला जा रहा है!" त्याला माझी पडली नव्हती. त्याला त्याच्या वेळेची पडली होती. दिल्लीचे अधिकारी घड्याळ बघू लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला. या राउंडसाठी ते किती खर्च करणार होते, ते मला माहीत होतं. पाहुण्याचे पैसे, मैदानावर फिरायच्या दोन गाड्या, नंतरची मेजवानी, सगळं आधीच भरलेलं होतं. द्यायचं उरलं होतं ते एवढंच. एक कार्ड, एका हातात.

त्यांनी कार्ड खिडकीच्या कट्ट्यावर टाकलं. ते घसरून आत माझ्या पायाशी पडलं.

मी वाकले नाही. हातही मागे घेतला नाही.

मग तिवारीजी उठले. "बिटिया, हटो ज़रा," म्हणाले. आवाज मऊ होता. त्यांनी कार्ड उचललं, यंत्रावर टेकवलं, चिठ्ठी फाडली आणि कार्डासकट साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती घेतली. दोघंही खेळायला गेले. हे असं संपलं. माझ्या हातामुळे त्यांचा एक फटकासुद्धा अडला नाही. ज्या माणसानं मला वर्षभर बिटिया म्हटलं, त्यानंच वाट मोकळी करून दिली. मला त्यांचा राग करायचा होता आणि तो नीट येतही नव्हता, कारण त्यांनाही मुलीचं लग्न करायचं होतं.

जाताना साहेब वळून म्हणाले, "फाइल की अब फ़िक्र मत करना।" अगदी शांतपणे.

दुपारी मॅनेजरनं बोलावलं. खिडकीवर मी नको, मागे स्टोअरमध्ये बसून टॉवेल मोजायचे. मी पट्टी काढून त्याच्या टेबलावर ठेवणार होते. नाही ठेवली. हात पुढे केला. त्यानं ती हातात घेतली. मी निघून आले.

ऑटोत बसून मी रडले. शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं. पुढच्या महिन्याचं भाडं कसं द्यायचं एवढंच डोक्यात होतं. आईनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "गेलं व माय, तुह्या बापाचं स्टूल गेलं." ती खरं सांगत होती.

सोमवारी मी अर्ज पुन्हा लिहिला. नोकरी देणार की नाही, एवढंच विचारलं. निघताना आई दारापर्यंत आली. थांबवलं नाही, आशीर्वादही दिला नाही. म्हणाली, "जाय. पण काय झालं ते मले सांगू नोको."

हजरतगंजातल्या त्या कार्यालयात, साहेबांच्या दाराबाहेर, बाबांचं स्टूल अजून आहे. त्यावर कुणी पाण्याची बाटली ठेवली होती. टपाल घेणाऱ्या बाबूनं मान वर न करता प्लास्टिकच्या ट्रेकडे बोट दाखवलं. "रख दो।"

"हाथ में लीजिए," मी म्हटलं. "और मोहर लगाकर हाथ में ही दीजिए।" पोचीचा शिक्का मारलेली प्रत मला हवी होती.

तो हसला. मग चिडला. मग चहाला निघून गेला. मी उभी राहिले. साहेब समोरून गेले, मला पाहिलं, पाहिलं नाही असं केलं. कार्यालय बंद होईपर्यंत कुणी अर्ज घेतला नाही. मंगळवारी गेले, तेच. आज गेले, तेच. उद्याही जाणार आहे.

नोकरी मिळणार नाही, हे मला कळतं. मी काही वेडी नाही. पण नाही म्हणायचं असेल, तर ते त्यांना कागदावर लिहून, सही करून, माझ्या हातात द्यावं लागेल. तश्तरीतून मी आता नकारसुद्धा घेणार नाही.