मुंग्यांचा मुकादम

हरिसिंगचा आवाज मोठा होता. तांड्यावरून हाक मारली तर कामरगावच्या स्टँडवर माणसं मागं वळून पाहतात, असं तो स्वतःच सांगे. याच आवाजावर तो ऊसतोडीत मुकादम झाला. आता इथंच सोयाबीन सोंगायची, म्हणजे कापणीची, टोळी चालवत होता. त्याच्या हुकुमाशिवाय विळा हलत नसे. आपल्या वाट्याची पात, म्हणजे ओळींचा पट्टा, संपली की धुऱ्यावर, बांधाला बसायचं, पुढं कुठं लागायचं ते तो सांगणार.

शेजारच्या वावरात किसनसिंगची टोळी होती. किसनसिंग फारसा बोलत नसे. तिथं जिची पात संपे ती मागं राहिलेल्या बाईच्या समोरून कापत येई. कोणी सांगत नव्हतं. तरी ते वावर आधी मोकळं होई. हरिसिंगचा जळफळाट होई.

त्यात सकाळीच त्याची बायको कमलीबाई म्हणाली, "उद्यापासून मी किसनसिंगच्या टोळीत जातो."

"काहून?"

"तिथं कान दुखत नाहीत."

दुपारी सगळे धुऱ्यावर बसले होते. मुंग्या अंडी तोंडात धरून उंचवट्याकडे निघाल्या होत्या. हरिसिंगनं मध्ये चप्पल ठेवली. रांग विस्कटली. एकीला वळसा सापडला. तिच्या वासावरून दुसरी गेली, मग तिसरी. बघता बघता सगळी रांग चपलेभोवतून वळली. तो वाकून शोधत राहिला.

"या मुंग्यायचा मुकादम कोन्ता वं?"

"असता त अजून चपलेपाशीच वरडून राह्यला असता," कमलीबाई म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या.

आता त्याला मुंग्यांचाही हेवा वाटला.

तेवढ्यात अंधारून आलं. टपोरे थेंब पडले. किसनसिंग मोबाईल दुरुस्त करायला गावात गेला होता. तरी त्याच्या टोळीत एकीनं विळा टाकला, कवेत सोयाबीन उचललं. तिला पाहून दुसरी उठली. गंजीवर ताडपत्री चढलीसुद्धा. हरिसिंगचे लोक मात्र त्याच्या तोंडाकडे पाहत होते. आणि त्याची नजर शेजारच्या वावरावरून हटत नव्हती.

कमलीबाई उठली. विचारलं नाही. तिच्यामागं टोळीतली राखी धावली, मग सगळेच. सोयाबीनची गंजी रचली गेली, वर ताडपत्री पडली. हरिसिंग पाहतच राहिला. त्याच्या घशाला जे जमत नव्हतं ते हिच्या नुसत्या उठण्यानं झालं होतं. ही जळजळ किसनसिंगच्या वेळेपेक्षा मोठी होती.

ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्यावर फडफडत होता. त्यानं धावत जाऊन तो पकडला.

"धरा!" तो ओरडला.

बाकीच्यांनी केव्हाच धरलं होतं.

पाऊस अंगावर घेत त्यानं हळूच विचारलं, "उद्या कोन्त्या टोळीत?"

"हळू बी बोलता येते म्हना तुमाले," कमलीबाई म्हणाली. "पाहू."