वाजणारा जोड

"काढ त्या. बाईमाणूस वाजत येतंय व्हय?"

दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती. मालक गादीवरून उठलासुद्धा नाही. माझ्या डोक्यावर मीच शिवलेल्या चपलांचं पोतं होतं. पायातला जोडही माझ्याच हातचा. कर्रकर्र वाजणारा.

कोल्हापुरी चपलेच्या तळात बी बसवलं की ती वाजते. पण बी घालायचं ते गड्याच्या जोडात. गडी येतोय हे तीन घरं आधी कळलं पाहिजे. बाई कधी आली, कधी गेली, कळता कामा नये. लग्न झाल्यापासून मी गड्यांचे जोड वाजते करत होते. त्यातला एक मापात चुकला, लहान झाला. टाकवेना. पायात घालून बघितला. बसला.

"आन् हातात घिऊन जा."

काढल्या. हातात घेतल्या. गिऱ्हाइकं हसली. मीपण हसले. त्याची लाज मला अजून वाटते. त्यांच्या हसण्याची नाही, माझ्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. डांबर तापलेलं. माझा आजा पाटलाच्या गल्लीतून चपला हातात घेऊन जायचा, असं आई सांगायची. ते दिवस गेले, असंही सांगायची. मी अनवाणी घरी आले.

नवरा आरीनं कातडं टोचत होता. सगळं ऐकून घेतलं. मान वर न करता म्हणाला, "गप ऱ्हायला काय जातंय तुझं?" सासू म्हणाली, "तेच की." घरात तिघं होतो. मी एकटी होते.

आठ दिवसांनी माल द्यायला गेले. तोच जोड घालून. मालकानं नुसता आवाज ऐकला.

"काढ."

"न्हाय काढत."

"मग माल उचल. परत यायचं न्हाय."

"जाते की."

पोतं परत डोक्यावर घेतलं आणि निघाले. पाय वाजत होते.

नवऱ्यानं जाऊन माफी मागितली, काम स्वतःच्या नावावर परत आणलं. माझ्यासोबत चपलांच्या वेण्या घालत बसणाऱ्या बाया पलीकडच्या ओट्यावर बसायला लागल्या. मला हाक मारायला कुणी उरलं नाही. दुपार खायला उठायची.

आता मी पेठ वडगावच्या बाजारात एकटी बसते. बायकांचे जोड मांडते, बी घातलेले. बाया घालून बघतात, दोन पावलं टाकतात, आवाज झाला की आजूबाजूला बघतात आणि काढून ठेवतात. कधीकधी एकही जोड जात नाही.

मी आग्रह करत नाही. बी काढूनही देणार नाही. माझा जोड झिजला की तसाच दुसरा शिवेन आणि त्या दुकानापुढूनच जाईन. ज्याला ऐकवत नसेल त्यानं कान झाकावेत. कुणाला हसायचं असेल तर हसू दे. त्यांच्यासोबत मी हसणार नाही.