साक्षगंधाला गेलेली सुमनबाई

सुमनबाई शिलाई मशीन चालवताना नवऱ्याला शिव्या द्यायची. मोठ्याने नाही, पायडलच्या तालावर, पुटपुटत. वडशातल्या नाटकमंडळ्यांचे राजा-राणीचे झगे ती शिवायची. "रागानं मारलेली टीप उसवत नाई, बाई," असं मला म्हणायची.

आमची ओळख दवाखान्यातली. मी तिथे डोळे तपासायला आहे. सुई ओवताना डोकं दुखतं म्हणून ती चष्म्यासाठी आली होती. डॉक्टरांनी थेंब टाकून आतला पडदा पाहिला, तर कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे ठिपके. डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की असे ठिपके उठतात. पण तिला ना बीपी, ना शुगर. म्हणून तिला विचारून रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला.

ती रडली नाही. "नजर जाईन काय?" एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "या ठिपक्यांनी जाणार नाही. पण अंगातली ताकद फार उतरली आहे. गोळ्या रोज घ्याव्या लागतील."

पहिली बाटली मिळाली तेव्हा मी शेजारीच होते. तिने एक गोळी तळहातावर घेतली आणि पाहतच राहिली.

"ही तं आमच्या घरी हाय. लगन झाल्यापासून माहा नवरा ताकदीची गोळी म्हणून खाते. मनात आलं तं खाते, नाई तं नाई."

घरी जाऊन तिने त्याची पेटी उघडली. तळाशी त्याचं एचआयव्हीच्या औषधाचं कार्ड होतं. त्यावरची तारीख त्यांच्या लग्नाच्या आधीची. जाब विचारला, तर त्याने तिलाच बाहेर काढलं. ते कार्ड घेऊनच ती निघाली. सुनेनंच रोग आणला, असं सासूने गल्लीभर केलं. दोन मंडळ्यांनी शिवायला दिलेलं कापड परत नेलं. सोडचिठ्ठीही झाली. गोळी मात्र तिने एक दिवसही चुकवली नाही. "मले जगायचं हाय," म्हणायची, "त्याचं पडलेलं तोंड पाह्यासाठी."

वर्षभराने कळलं, चामोर्शीला त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आहे. मुलगी बावीस वर्षांची. सुमनबाईने तिथे जायचं ठरवलं.

"तिथे जाऊन सांगितलंस, तर तुझंच नाव खराब होईल गावोगाव," मी म्हटलं.

"झालंच हाय. आता त्याचं होऊ द्या. चाला माह्यासंगं."

भर दुपारी मांडवात पाहुणे बसले होते. ती सरळ मुलीच्या वडिलांपुढे गेली आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. "भाऊ, हे त्याचं कार्ड. मले त्याच्यापासूनच एचआयव्ही झाला. आधी वाचा, मंग पोरगी द्या."

"याडी हाय ते!" नवरा ओरडला. पण वडील वाचत होते, आणि वाचून झाल्यावर त्यांनी ते कार्ड मुलीच्या हातात दिलं. मुलगी उठली, गळ्यातला हार काढून पाटावर ठेवला आणि आत गेली. सुमनबाई हलली नाही. नवऱ्याचा चेहरा घामेजून पांढरा पडेपर्यंत ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. एवढी तृप्त मी तिला कधीच पाहिली नव्हती.

पुढच्या तपासणीत पडदा स्वच्छ निघाला. मला फार बरं वाटलं. त्या भरात मी म्हणून गेले, "आता माफ करून टाक त्याला. मन हलकं होईल."

"काऊन जी?" ती एकदम फिरली. "त्यानं मांगतली काय माफी? अन् मांगन तवाबी देणार नाई. माहं मन हलकंच हाय."

पिशवी उचलून ती मशीनवर परत गेली. तेव्हापासून मी कुठल्याच बाईला माफ कर म्हणून सांगत नाही.