पांढरी काळीत गेली

लातूर स्टेशनवर उतरले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. बाहेरच्या चहात साखर इतकी, की तोंड चिकट झालं. पण तक्रार करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. पुण्याहून निघाले होते ते अक्काच्या घरासाठी.

अक्का माझी थोरली बहीण. देगलूरजवळच्या खेड्यात, मांजरेच्या काठाला तिचं मातीचं घर होतं. मागच्या वर्षीच्या पुरात ते बसलं. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून ती दिराच्या ओसरीवर राहत होती. तिला त्याच जागेवर पुन्हा घर हवं होतं, आणि ती जागा आता सरकारी नकाशावरच्या निळ्या रेषेच्या आत आली होती. पूर जिथवर येतो ती ही रेषा. तिच्या आत नवं घर बांधू देत नाहीत. मात्र नांदेडच्या कार्यालयात फोनवर मला सांगितलं होतं, की पुराने पडलेलं जुनं घर त्याच जोत्यावर (चौथऱ्यावर) उंच करून बांधता येतं. पाहणीला माणूस येईल, तेव्हा जोतं दिसलं म्हणजे झालं. जोतं काय, दगडाचं असतं, ते कुठे वाहून जातंय? मी निर्धास्त होते.

उदगीरमार्गे देगलूरची एसटी मिळाली. शेजारी मिरच्यांचं गाठोडं मांडीवर घेतलेली एक बाई होती.

"कोन्या गावला?" तिने विचारलं.

"बहिणीकडे. घराची परवानगी काढायचीय."

"घराला परवानगी? आमच्याकडं गवंडी लागतो बाई!" ती मोठ्याने हसली. मग माझा चेहरा बघून तिने मला एक पेरू दिला.

उदगीर सोडल्यावर गाडी तापून उभी राहिली. ड्रायव्हर कॅन घेऊन पाणी शोधायला गेला. रस्त्याच्या एका अंगाला लाल माळ, दुसऱ्या अंगाला काळं रान, त्यात हरभरा नुकता वर आलेला. मी पेरू खात बसून राहिले. दुसरं करणार काय?

गावात पोचायला दिवस कलला. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची) होती. अशी आमटी पुण्यात कितीही खटपट केली तरी होत नाही. अक्काचे दीर माणिकराव यांनी स्वतःची बाज मला दिली. फोडणी टाकताना अक्काने जावेला विचारलं, "तेल घेऊ का गं?" जाऊ काही वाईट नव्हती, "घ्या की" म्हणाली. पण साठी उलटलेल्या बाईने तेल विचारून घ्यावं, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

सकाळी इंजिनिअर आले. आम्ही सगळे नदीकडे गेलो. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. जागा हाताने सारवल्यासारखी सपाट होती. तिथे ढेकूळसुद्धा नव्हतं.

"जोतं कुठंय?" इंजिनिअरांनी विचारलं.

"ते उन्हाळ्यातच उकरलं सायेब," माणिकराव हौसेने सांगू लागले. "पांढरी रानात टाकली. वैनीच्याच रानात. दगडं बांधाला लावली. यंदाचा हरभरा बघा की, लई जोरात हाय!"

गाव ज्या मातीवर वसतं ती पांढरी, आणि शेतातली ती काळी. पडक्या घराची पांढरी इथे शेणखताहून कसदार मानतात. घर पडलं, की ती गाडीत भरून रानात नेतात. त्यात चूक झाली असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. अक्का तेव्हा आजारपणामुळे माझ्याकडे पुण्याला होती. परत गेल्यावर तिने पाहिलं असणार, पण मला कळवावं असं त्यात तिला काही वाटलं नसणार.

इंजिनिअर सज्जन होते. अक्काला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, मालकानंच घर काढून टाकलं असेल, तर आता बांधाल ते नवीन धरतात. मग इथं परवानगी मिळत नाही. पण तुमच्या नकळत कुणी जोतं काढलं असेल, तर त्याच्यावर तक्रार द्या. पंचनामा होईल. मग जुनं घर होतं असं धरून मला वर पाठवता येईल."

माणिकरावांचा चेहरा उतरला. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, "म्याच सांगितलं हुतं न्यायला. भावजीनं माझ्या सांगण्यावरनं नेली."

"अक्का, तू तर तेव्हा..." मी पुटपुटले. तिने माझा हात असा दाबला, की माझीच बांगडी मला रुतली.

"विचार करा मावशी. मी अजून लिहिलं नाही."

"लिवा," अक्का म्हणाली.

त्यांनी लिहिलं. माणिकराव आमच्याकडे न बघता नदीच्या कडेकडेने रानाकडे निघून गेले.

दुपारी मी पुण्याची गाडी धरायला नांदेडला निघाले. फाट्यापर्यंत मी अक्काशी एक शब्द बोलले नाही, इतकी चिडले होते. जीपमध्ये बसताना तिने पदराने माझं तोंड पुसलं, मी लहान असताना पुसायची तसं. नांदेडच्या पुलावरून गोदावरी दिसली. सगळे डोळे भरून बघत होते. मला मात्र नदीकडे बघवेना.

आता पुण्यात माझ्या घरी बसून हे लिहिते आहे. अक्काला त्या जागेवर आता कधीच राहता येणार नाही. मला याचं अतोनात दुःख होतं. रागही येतो, पण तो धरावा कुणावर? माणिकरावांनी तर वहिनीचं रान पिकावं म्हणून केलं. न राहवून परवा फोन केला आणि विचारलंच, "का गं खोटं बोललीस?"

"घर नदीनं न्हेलं, कुसुम," ती म्हणाली. "दीर म्या माझ्या हातानं घालवू का?"

पलीकडून माणिकरावांचा आवाज आला, "वैनी, चला की, भाकर थंड व्हायलीय."