बाप जिवंत असताना काढलेली मिशी

गजीत नाचणारा गडी आणि तमाशात नाचणारा नाच्या, यांत फरक काय, हे मला आजवर कुणी धड समजावून सांगितलेलं नाही. आम्हा धनगरांच्या गजीत पुरुषच नाचतात. मध्ये ढोल, हातात रुमाल, आणि देवापुढं रिंगण धरून कंबर अशी लववायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. माझा बा त्या रिंगणाचा म्होरक्या होता आणि ढोलही त्याचाच. त्याला बघायला पार जुन्नरहून माणसं यायची आणि म्हणायची, गडी असावा तर असा. तीच कंबर मी लुगडं नेसून लववली, तर मी बायल्या. असल्या अकलेपुढं हात जोडावेत.

झालं असं की प्लेगात वारूळवाडीकडच्या एका तमाशाचा नाच्या गेला. त्या फडाच्या सरदारानं मला गजीत नाचताना पाहिलं होतं. जत्रेत चार खेळ कर म्हणाला. मी तेव्हा विशीतला, लग्न झालेला, आणि नाचाचा हावरा. लगेच हो म्हणालो.

"पर मिशी काढाया लागंल," तो म्हणाला.

तिथं मी अडखळलो. आमच्यात मिशी उतरते ती बाप मेल्यावर. बाप धडधाकट असताना ओठाला वस्तरा लावणं म्हणजे त्याचं मरण मागणं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं. तरी आमच्या मढच्या वाटेवरच्या वाडीत कुणाला पत्ता लागू नये म्हणून जुन्नरच्या बाजारात जाऊन, अनोळखी न्हाव्यापुढं मान दिली. त्यानं हळहळून विचारलं, "वडील कधी गेलं?" मी डोळे मिटून घेतले.

चारही खेळ गाजले. लोकांनी पागोटी उडवली. आयुष्यात तेवढा सुखी मी पुन्हा कधी झालो नाही, हे आज सांगताना लाज वाटत नाही. घरी आलो तो तोंडाला फडकं बांधून. ओठाला गळू झालंय, अशी थाप मारली. बायकोला तेवढं खरं सांगितलं. तिनं घाबरून फडक्याची गाठ आणखी घट्ट केली. बा म्हणाला, "लिंबाचा पाला वाटून लाव," आणि मेंढ्या कातरायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीबाहेरून हंबरडा ऐकू आला.

"दादा रं माज्या! मला न भेटताच गेलास रं! कुणी सांगावा बी धाडला न्हाई रं!"

ती माझी आत्या, आंबेगावाकडं दिलेली. तिच्या नवऱ्यानं मला बाजारात लांबून बघितलं होतं. डोकं भादरलंय का ते पागोट्यामुळं दिसत नव्हतं, पण ओठ कोरा दिसला आणि तेवढं त्याला पुरलं. मला हाक मारायलाही न थांबता तो बायकोला सांगायला पळाला होता.

हातातली कातर तशीच धरून बा स्वतःच्या नावानं चाललेलं रडणं ऐकत उभा राहिला. काय घडलंय ते मला कळून चुकलं होतं. आत्या अंगणात आली, बाला बघितलं आणि मटकन खाली बसली.

"कोण गेलं गं?" बानं विचारलं.

"तूच की रं," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर गेली. तशीच उठली, जवळ आली आणि तिनं माझ्या तोंडावरचं फडकं ओढून काढलं.

घटकाभरात भावकी गोळा झाली. मी सगळं कबूल केलं. चुलता तर पेटलाच होता. "लुगडं नेसून नाचला ह्यो! ह्याला गजीत घ्यायचा न्हाई. देवाम्होरं गड्यांनी नाचायचं, बायल्यांनी न्हाई." दोघातिघांनी माना डोलावल्या. रिंगणातून काढला की जेवणाच्या पंगतीतूनही काढला, हे मला माहीत होतं. बा मात्र आत गेला, ढोल घेऊन आला आणि गळ्यात अडकवला.

"नाच," मला म्हणाला. "तिथं नाचलास तसाच."

"दादा, नगं," आत्या म्हणाली.

"नाच म्हणतो ना!"

बायको दारात होती. बायका, पोरं, सगळी वाडी बघत होती. मी धोतराचा सोगा पदरासारखा धरला. पहिलाच ठेका चुकला. कुणीतरी फिसकन हसलं. मग मला राग आला, आणि त्या रागातच मी खरा नाचायला लागलो. बानं चाल वाढवली. मी ती झेलली. त्यानं मला पाडायला अवघड ठेका टाकला, तोही झेलला. मग त्याचे हात वेगळेच चालायला लागले. तो मला पाडत नव्हता, माझ्याबरोबर होता. मला गळा काढून रडावंसं वाटलं. एकाएकी त्यानं ढोल थांबवला.

"पायात खोट न्हाई," तो चुलत्याला म्हणाला. "गजीत ह्यो माज्याम्होरं ऱ्हाईल." मग माझ्याकडं वळला. "पर मी जित्ता हाय. मी हाय तवर ह्या ओठाला वस्तरा लागायचा न्हाई. मी गेल्यावं काय करायचं ते कर."

मी त्याचे पाय धरले. सुटलो असंच मला वाटलं. त्यानं माझ्या गळ्यात काय बांधलं, ते कळायला वर्ष जावं लागलं.

गजीत मी नाचत होतो, मिशीही दाट आली होती. पण बा खोकला की माझे कान टवकारायचे. काळजीनं, असं मी स्वतःला सांगायचो. पुढच्या जत्रेच्या तोंडावर त्याला ताप भरला. आठ दिवस उतरेना. त्याच्या उशाशी मीच बसायचो, पाणी पाजायचो. अशात फडाचा माणूस निरोप घेऊन दारात आला. औंदा येतोस का, म्हणाला. नाही म्हणायला काय लागतं? पण मी म्हणालो, "थांबा दोन दिस. मग सांगतो."

आत बा जागा होता.

दोन दिवसांनी ताप उतरला. बा उठून बसला आणि त्यानं भाकरी मागितली. मी दुधात कुस्करून दिली. तो खायला लागला तसे माझे डोळे भरून आले. मला आनंद झाला होता, देवाशपथ झाला होता. आणि त्याच वेळी मनात आलं, म्हणजे आता या जत्रेचं काही जमत नाही. नुसतं मनात आलं. बा माझ्या तोंडाकडंच बघत होता. त्यानं हातातला घास ताटलीत परत ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. मी "बा" म्हणून हाक मारली.