यादीत नसलेलं घर

सुहासिनी मोघेचं न्यू जर्सीच्या पार्सिपनी गावातल्या आम्हा मराठी बायकांमध्ये एक नाव पडलं होतं, 'इन्स्पेक्टर'. दीपाच्या शाळेतून ट्रिपच्या परवानगीची चिठ्ठी आली तरी ती दोन्ही बाजूंनी वाचायची, आणि मागची बाजू कोरी निघाली की तिला जास्तच संशय यायचा. बायका हसायच्या. मी हसत नसे, कारण हे कधीपासून सुरू झालं ते मला माहीत होतं.

तिचा नवरा चंद्रशेखर १९८२ साली ऑफिसातच, टेबलावर डोकं ठेवून गेला. दीपा तेव्हा तेरा वर्षांची. चंद्रशेखरचा आयुर्विमा होता. सुहासिनीनं कंपनीला फोन केला तेव्हा कळलं की विमा लग्नाआधीचा होता आणि त्यावर नाव होतं पुण्यातल्या थोरल्या भावाचं. पंधरा वर्षांत चंद्रशेखरनं ते बदललंच नव्हतं. कंपनीनं नियमाप्रमाणे रक्कम भावाला पाठवली. भावाचं पत्र आलं, 'पैसे माझ्याकडे सुरक्षित आहेत, काळजी नसावी.' त्यानंतर दिवाळीचं एक कार्ड आलं आणि मग काहीच नाही.

"चंद्रशेखर वाईट नव्हता गं सुलभा," ती मला म्हणायची. "त्यानं फक्त एक फॉर्म भरला नाही."

ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. शनिवार-रविवारच्या शिफ्ट घेऊन तिनं घर टिकवलं, दीपाला वाढवलं. पाच वर्षांत तिच्या तोंडून लग्न हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. म्हणून सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढताच ती म्हणाली, "गर्गे विचारतायत," तेव्हा माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

चारुदत्त गर्गे मराठी मंडळाच्या गणपतीत शाळेच्या हॉलमधल्या खुर्च्या मांडणारे गृहस्थ. बावन्न वर्षांचे, टेलिफोन कंपनीत इंजिनिअर, घटस्फोटित. बोलणं फार कमी. मूलबाळ नाही. दोघं कधी कॉफीला जातात एवढं मला ठाऊक होतं.

"मग काय ठरवलंस?"

"ठरवायचं काय? आधी वकील गाठते."

मॉरिसटाउनच्या एका वकीलबाईंनी तिचं मृत्युपत्र केलं होतं. त्यांच्याकडे मी तिच्यासोबत गेले, कारण तिला कुणीतरी ऐकणारं हवं होतं. सुहासिनीला एकच गोष्ट हवी होती, घर दीपाला मिळावं. मृत्युपत्रात तसं लिहिलंच होतं. वकीलबाई म्हणाल्या, "लग्न केलंत की तेवढं पुरत नाही. या राज्यात मागे राहिलेला नवरा किंवा बायको मृत्युपत्र बाजूला ठेवून इस्टेटीच्या एक तृतीयांशावर हक्क सांगू शकतात."

"मी काहीही लिहिलं असलं तरी?"

"तरीही. तो हक्क दोघांनी आधीच सोडायचा असेल तर लग्नापूर्वी करार करावा लागतो."

मग त्यांनी करार समजावून सांगितला. तो लेखी हवा. दोघांचे वकील वेगळे हवेत, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मला समजलंच नाही. सही लग्नाच्या आदल्या दिवशी घाईनं नको, मधे निदान काही आठवडे जाऊ द्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांनी आपापल्या मालमत्तेची पूर्ण यादी जोडायची. काय आहे हेच माहीत नसेल तर त्यावरचा हक्क सोडला असं म्हणता येत नाही.

सुहासिनीनं हे गर्ग्यांना सांगितलं ते एका डायनरमध्ये. तिनंच मला नंतर सांगितलं. ते कॉफी ढवळता ढवळता म्हणाले, "आत्तापासूनच घटस्फोटाची तयारी?"

"मरणाची," ती म्हणाली. "घटस्फोटाचं पण त्यातच लिहितात."

ते तयार झाले, पण मनापासून झाले असं तिला वाटलं नाही. मंडळात बातमी पसरायला आठवडासुद्धा लागला नाही. 'सुहासिनी लग्नाआधी ॲग्रीमेंट लिहून घेतेय' असं कुणी म्हणे, तर कुणी म्हणे, 'गर्ग्यांच्याच मागे काहीतरी असणार, नाहीतर माणूस असल्या अटीला तयार होईल का?' मी दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन विचार करत बसायचे की यातलं खरं कोणतं.

सुहासिनीची यादी आठ दिवसांत तयार झाली. गर्ग्यांची यायला दीड महिना लागला. तिनं फोन केला की ते म्हणायचे, "वकिलाकडे आहे." शेवटी मे महिन्यात एक पान आलं. बँक, गाडी, कंपनीचे शेअर, पेन्शन. आणि शेवटची ओळ, भारतातील मालमत्ता : नाही.

ते पान घेऊन ती माझ्याकडे आली. "नाशिकचा माणूस, एकुलता एक, वडील वकील होते. आणि भारतात काहीच नाही?"

"नसेल. विकलं असेल."

"गेल्या पावसाळ्यात हे मला म्हणाले होते, घराची कौलं बदलून घेतली, आता गळत नाही. घरच नाही तर कौलं कुणाची बदलली?"

मग तिनं विचारलं, "तुझी नणंद नाशिकला असते ना?"

इथं माझाही दोष आहे. मी नाही म्हणू शकले असते, पण मलाही आता राहवत नव्हतं. मी नणंदेला पत्र लिहिलं आणि साडेतीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. घर आहे, बैठं, मागे पेरूची झाडं. दारावर चारुदत्त गर्गे अशी पाटी. आत एक फार म्हाताऱ्या बाई आणि त्यांची सून, पद्मिनी. 'सून फार करते हो सासूचं. यजमान अमेरिकेत असतात असं सांगत होत्या,' असं नणंदेनं लिहिलं होतं.

सुहासिनीनं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. रडली वगैरे नाही. "सुलभा, याचं लग्न अजून आहे," एवढंच म्हणाली.

आम्ही पुन्हा वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "घटस्फोटाच्या निकालाची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत मागा. ती मिळेपर्यंत पुढे जाऊ नका." मग चष्मा काढून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "समजा घटस्फोट खरा आहे आणि त्यांनी फक्त घर लपवलंय. तुम्ही त्याबद्दल गप्प राहिलात आणि पुढे करार तुमच्या विरुद्ध जायला लागला, तर लपवाछपवी दाखवून तो मोडण्याचा मार्ग तुम्हाला राहतो. पण आज तुम्हाला माहीत होतं हे उघड झालं, तर तो मार्गही बंद. मी तुम्हाला काय करा ते सांगत नाही. कायदा सांगतेय."

परतताना गाडी मी चालवत होते. रूट टू-ओ-टूवर निम्मी वाट गेली. मग ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी लपवायचं, आणि मला माहीत आहे हे मी लपवायचं. आणि मग एका घरात राहायचं."

तिनं त्या रविवारी गर्ग्यांना घरी बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून. चहा झाला आणि तिनं विचारलं, "नाशिकचं घर यादीत का नाही?"

गर्गे आधी तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी कपातल्या चहाकडे बघितलं.

"कुणी सांगितलं?"

"आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. तिथं पद्मिनी गर्गे कोण आहेत?"

गर्गे तुकड्यातुकड्यानं बोलले. पद्मिनी त्यांची पहिली बायको. अठ्ठ्याहत्तर साली इथल्याच कोर्टात घटस्फोट झाला, ती भारतात परत गेली. त्यानंतरच्या वर्षी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. पद्मिनी आठ दिवसांसाठी बघायला म्हणून गेली आणि राहिली ती राहिलीच. आईचा तिच्यावर जीव. घटस्फोटाचं आईला कुणी सांगितलेलं नाही. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, आणि ती असेपर्यंत सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं आहे.

"घर माझ्या नावावर आहे, पण मी ते पद्मिनीचंच समजतो. यादीत लिहिलं असतं तर तिथं कोण राहतं ते आलं असतं. मला वाटलं, तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"संबंध आहे की नाही ते मला ठरवू द्यायला हवं होतं."

"तुम्ही माझी चौकशी केलीत," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मान लाल झाली होती. "मला विचारता आलं असतं."

"विचारलं होतं. तुमच्या वकिलामार्फत, लेखी. तुम्ही लिहिलंत, नाही."

गर्गे उठले, बूट घातले आणि गेले. जिन्यावर दीपा उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "आई, यू आर चेकिंग हिम लाइक अ यूज्ड कार," ती म्हणाली.

"जुनी गाडी घेताना बघतातच," सुहासिनी म्हणाली आणि कप उचलायला लागली.

पंधरा दिवस फोन नाही. मग पोस्टानं एक पाकीट आलं. आत निकालाची शिक्क्याची प्रत, सोबत चिठ्ठी नाही. वकीलबाईंनी कोर्टात फोन करून खात्री केली. घटस्फोट खरा होता. मला वाटलं, झालं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. पण सुहासिनी म्हणाली, "कागद खरा आहे. माणसाचं काय?" आणि तिनं सरळ पद्मिनीबाईंना पत्र लिहिलं. मी कोण, माझं काय ठरतंय, यादीत घराबद्दल काय लिहून आलं, आणि तुम्ही सांगाल तेवढं सांगा, नाही सांगितलं तरी राग नाही. पाकीट आईंच्या हाती पडू नये म्हणून माझ्या नणंदेकडून पोचवलं.

उत्तर निळ्या एअरोग्रामवर आलं. ते मी वाचलं आहे.

'चारुदत्त खोटं बोलत नाहीत, पण आपणहून काही सांगतही नाहीत. विचारलं की सांगतात. मला विचारायची सवय नव्हती. संसाराची नऊ वर्षं मी वाट बघितली की ते आपणहून बोलतील. ही यादीची गोष्ट तुम्ही लिहिलीत, तेवढं मात्र मला नवीन आहे. लेखी 'नाही' असं त्यांनी कधी लिहिलं असेल असं वाटलं नव्हतं. ते बहुधा माझ्यासाठी लिहिलं. घराचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. आईंना कळू देऊ नका एवढी विनंती.'

सुहासिनीनं ते पत्र कितीदा वाचलं मला माहीत नाही. चौथ्या दिवशी तिनं गर्ग्यांना फोन केला. म्हणाली, "यादी नवी करून पाठवा. घर लिहा. त्यात पद्मिनीबाई हयात असेपर्यंत राहतील हेही लिहा. त्यावर माझा हक्क नाही, असं मी लिहून देते."

पलीकडून गर्ग्यांनी विचारलं, "म्हणजे अजून ठरलेलं आहे?"

"यादी येऊ दे. मग सांगते."

यादी पाच दिवसांत आली. ऑगस्टमध्ये सह्या झाल्या, दोन वकील, दोन साक्षीदार, प्रत्येक पानावर आद्याक्षरं. ऑक्टोबरमध्ये टाउन हॉलमध्ये लग्न झालं. मी सांज्याच्या पोळ्या नेल्या होत्या. मंडळातल्या बायका आल्या आणि कराराचं एक अक्षर कुणी काढलं नाही. अर्थात काढलं नाही ते आमच्यासमोर.

एक गोष्ट मात्र लग्नानंतरच करता येण्यासारखी होती. हॉस्पिटलच्या पेन्शनवर दीपाचं नाव राहावं असं सुहासिनीला हवं होतं. पण लग्न झालं की बायकोच्या पेन्शनवर नवऱ्याचा हक्क येतो, आणि तो फक्त नवराच सोडू शकतो, होणारा नवरा नाही. लग्नाआधी केलेली सही तिथं चालत नाही. म्हणजे लग्न झालं, तो हक्क लागू झाला, आणि आता गर्ग्यांनी आपणहून येऊन सही करायची होती. करतो असं करारात लिहिलं होतं. पहिला आठवडा ऑफिसच्या कामात गेला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना सर्दी झाली. सुहासिनी रोज मला फोन करायची. "सर्दीनं पेन धरता येत नाही का गं?" मी तिला समजवायचे आणि फोन ठेवून नवऱ्याला म्हणायचे, "खरंच, का बरं करत नसतील?"

शेवटी तिनं त्यांना विचारलं, "सही का करत नाही?"

"नोटरीसमोर करायची आहे ना. तू सुट्टी कधी घेतेस त्याची वाट बघतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या ऑफिसात सही झाली.

नंतरच्या वर्षी, अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, नाशिकच्या आई गेल्या. शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही. गर्गे एकटे गेले. त्या घरात सून होती, तिथं सुहासिनी कोण म्हणून जाणार? तीन आठवडे ती माझ्याकडे येऊन भाजी निवडत बसायची. एकदा म्हणाली, "करारात सगळं लिहिलं. हे नाही लिहिता आलं."

"कोणतं?"

"तिथं ते कुणाचे नवरे म्हणून उभे असतील ते."

त्यांना आणायला विमानतळावर ती एकटीच गेली. गाडीत बसल्यावर तिनं एकेक विचारलं आणि त्यांनी एकेक सांगितलं. दहावा-तेरावा कुठे केला, कोण कोण आलं होतं, घर पद्मिनीच्या नावावर करायचे कागद कुठवर आलेत. मग तिनं विचारलं, "पद्मिनीबाई रडल्या का?"

"हो."

"आणि तुम्ही?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. सुहासिनीनं मला सांगितलं, उत्तराची वाट बघत ती पार्किंगमध्ये थोडा वेळ तशीच बसली होती, मग तिनं किल्ली फिरवली. घरी आल्यावर त्यांना गरम गरम भात वाढला आणि वरून तूप घातलं.